सरासरीच्या पलीकडले सुखात्मे

जव्हार शहराजवळचा शिरपामाळ एरवी शांत असतो. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून या माळाला हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई आणि नाशिकच्या मोटारी येथे येऊन थांबतात. त्यातून उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी अनेकांना वजन कमी करायचे असते. व्यायामशाळेत किंवा कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांना ‘बीएमआय’चा एक आकडा मिळालेला असतो आणि तो किती खाली आणायचा, हेही सांगितलेले असते. माळापासून थोड्याच अंतरावरच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका वजनकाटा टांगते, ती मात्र वजन वाढले का, हे पाहण्यासाठी. त्या मुलांच्या आयांची उंची आणि वजन नोंदवले, तर तोच बीएमआय काढला जातो. तो किती वर न्यायचा, ही तेथली चिंता असते.

बीएमआय, म्हणजेच बॉडी मास इंडेक्स, हा काढायला अगदी सोपा आकडा. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. तो १८.५ च्या खाली गेला तर माणूस कृश आणि २५ च्या वर गेला तर वजन जास्त, असे जागतिक आरोग्य संघटनेचे कोष्टक सांगते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये वरची रेषा २३ वर आणली. १ मीटर ६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला याचा अर्थ असा की, साधारण ५० किलोंपासून ६२ किलोंपर्यंतचे कोणतेही वजन चालेल. या बारा किलोंच्या पट्ट्यात आपले स्वतःचे वजन नेमके कोणते, याचे उत्तर कोष्टकात नाही. असंख्य माणसांवरून काढलेली रेषा एका माणसाला लावावी का आणि लावली तर किती विश्वासाने, हा प्रश्न येथे उभा राहतो.

या प्रश्नाशी अर्धे आयुष्य झुंजलेला एक मराठी माणूस होऊन गेला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. त्यांचा वाद उष्मांकांचा होता. बीएमआय हा काही त्यांचा विषय नव्हता. परंतु सरासरीला आदर्श मानण्याची जी खोड आज व्यायामशाळेतल्या तक्त्यात दिसते, तिच्यावर त्यांच्याइतक्या चिकाटीने बोट ठेवणारा दुसरा संख्याशास्त्रज्ञ आपल्याकडे झाला नाही. त्या चिकाटीची किंमतही त्यांना मोजावी लागली.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातला हा भाग अवर्षणाचा. पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, न पडला तर गावाबाहेरची वाट, हे तिथल्या कित्येक पिढ्यांचे जगणे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन १९३२ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

त्या काळी त्या कॉलेजात संख्याशास्त्राची दोन घराणी एकाच छपराखाली नांदत होती. कार्ल पिअर्सन १९३३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाची वाटणी झाली. एका भागाचे प्रमुखपद रोनाल्ड फिशर यांच्याकडे आले, दुसऱ्याचे पिअर्सन यांचे चिरंजीव इगॉन यांच्याकडे. पुढे येर्झी नेमन हेही तेथे येऊन दाखल झाले. या मंडळींचे आपसात फारसे पटत नसे. अशा वातावरणात सुखात्मे यांनी १९३६ मध्ये पीएच. डी. आणि १९३९ मध्ये डी. एस्सी. मिळवली. ज्या घराण्यात ते तयार झाले, त्याचा एक मूळपुरुष बेल्जियमचा होता आणि बीएमआयची कथा त्याच्यापासूनच सुरू होत असल्यामुळे त्याची येथे थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

अडॉल्फ केटले (१७९६-१८७४) हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याचे स्थान दहा जणांनी मोजले, तर दहा किंचित वेगळी उत्तरे येतात. त्यांची सरासरी हे खरे स्थान आणि बाकीच्या चुका, असे खगोलशास्त्रात मानले जाई. केटले याने हाच नियम माणसांना लावला. स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापे त्याने मांडली, तेव्हा ती ताऱ्याच्या मोजमापांप्रमाणेच एका मध्याभोवती विखुरलेली दिसली. त्यावरून निसर्गाला घडवायचा असतो तो हा ‘सरासरी माणूस’ आणि प्रत्यक्षातली माणसे म्हणजे त्या नमुन्यापासून थोड्याफार ढळलेल्या प्रती, अशी त्याची धारणा झाली. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने ही कल्पना युरोपभर नेली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षणही त्याचेच. लठ्ठपणाशी त्याला काही देणेघेणे नव्हते. त्याला लोकसमूहाचे वर्णन करायचे होते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांवर निरनिराळी सूत्रे पडताळून पाहिली, केटले याचे सूत्र त्यांना सोयीचे वाटले आणि त्यांनीच त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. समूहाच्या पाहण्यांसाठी ते उपयोगी पडावे, हा त्यांचा हेतू. आपल्याकडे त्याआधी सेंटिमीटरमधील उंचीतून शंभर वजा करण्याचा घरगुती हिशेब चाले. अनेक घरांत तो अजूनही चालतो.

सुखात्मे लंडनहून परतले, तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठात पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी त्यांची भेट झाली. हा विषय देशातल्या गरिबांच्या कोणत्या उपयोगाचा, असे मालवीयजींनी विचारले आणि तरुण सुखात्मे यांच्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, अशी हकिकत सांगितली जाते. पुढच्या सगळ्या आयुष्याकडे पाहिले, तर त्या न जमलेल्या उत्तराची त्यांनी परतफेड केली, असे वाटते. काही काळ कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत काम करून १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले आणि तेथील संख्याशास्त्र शाखेचे प्रमुख झाले.

देशात धान्य किती पिकते, हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. गावकामगाराने उभे पीक नजरेखालून घालायचे, अमुक आणे पीक म्हणून आणेवारी लावायची आणि त्या अंदाजांच्या बेरजेवर सरकारने धोरण ठरवायचे, अशी रीत होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने आकड्यांच्या या अज्ञानाची भीषणता दाखवून दिली. सुखात्मे यांनी नजरअंदाजाऐवजी पीक कापणी प्रयोग आणले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गाव निवडायचे, त्यातले शेत निवडायचे, शेतातला तुकडा निवडायचा आणि त्या तुकड्यातील पीक प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून पाहायचे. हे काम त्यांनी महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या नोकरवर्गाकडून करवून घेतले. आजही पीक विम्याच्या निमित्ताने शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्दप्रयोग त्या कामाचाच वारसा होय.

याच कामात त्यांची प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी जुंपली. महालनोबिस हे भारतीय संख्याशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. पिकाचे लहान वर्तुळाकार तुकडे कापले तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे. सुखात्मे यांनी शेतात जाऊन पाहिले, तर लहान तुकड्यांतून उत्पन्न नेहमी फुगून येत होते. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्रफळाच्या मानाने मोठी. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते आत धरतो. गणितात न दिसणारी ही चूक विळ्याच्या टोकाशी होत होती. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी ती मांडली. संख्याशास्त्रज्ञ म्हणून सुखात्मे यांचा पिंड कळण्यासाठी हा प्रसंग पुरेसा आहे. आकडा हाती आला की तो कोणी, कशाने आणि कोठे उभे राहून मोजला, हे ते आधी पाहत. १९४७ मध्ये भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषद स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. डॉ. राजेंद्रप्रसाद हे तिचे पहिले अध्यक्ष होते.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यांना रोमला बोलावले आणि सुमारे दोन दशके ते तेथील संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. नमुना पाहणीवरचा त्यांचा १९५४ मधील ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. पण रोममध्ये त्यांचे लक्ष पिकाकडून ताटाकडे वळले. जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली आहेत, असे त्या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांच्या काळापासून सर्वत्र बोलले जाई. सुखात्मे यांनी त्या विधानाचा आधार तपासला. ज्या देशाचे सरासरी अन्न गरजेहून कमी, तो सगळा देश भुकेला, असा तो हिशेब होता. देशाच्या सरासरीखाली कोण आणि किती आहेत, हे पाहण्यासाठी अन्न माणसामाणसांत कसे वाटले जाते, हे पाहिले पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी पोटभर न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के धरले आणि निकृष्ट आहाराचे धनी मिळवले तर ते निम्म्या जगापर्यंत जाते, असे दाखवले. सोसायटीने त्यांना गाय पदक दिले. भूक कमी करून दाखवली, असा आक्षेप तेव्हाही काहींनी घेतला होता. तो पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडणार नव्हता.

दुसरा वाद प्रथिनांचा. साठच्या दशकात जगावर प्रथिनांच्या टंचाईचे संकट येत असल्याची हाकाटी झाली होती. माशांची पूड, तेलबियांची पेंड, दूधभुकटी अशा खास अन्नांवर संयुक्त राष्ट्रे भर देत होती. भारतीय आहाराच्या पाहण्यांचे आकडे मांडून सुखात्मे यांनी सांगितले की, भाकरी-डाळीचे जेवण पुरेसे मिळाले तर प्रथिनेही बहुतेक पुरेशी मिळतात. उणीव आहे ती एकूण अन्नाची. पोट अर्धे राहिले की शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते. १९७३ मध्ये जागतिक संस्थांनी प्रथिनांच्या गरजेचे प्रमाण खाली आणले आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या संकटाची भाषा मावळली. या लढाईत सुखात्मे बरोबर ठरले, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. रोमची नोकरी संपवून ते पुण्यात स्थायिक झाले आणि महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, येथे काम करू लागले. त्याच वर्षी त्याच रस्त्यांच्या परिसरात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. दररोज माणशी २,२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात, त्याच्या खालचा तो गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. दांडेकरही मूळचे साताऱ्याचे. दोन सातारकरांचा पुण्यातला हा वाद दिल्लीच्या नियोजन मंडळाच्या पायापर्यंत जाणारा होता.

सुखात्मे यांचा युक्तिवाद समजून घेण्यासाठी एक साधे चित्र डोळ्यांपुढे आणावे. निरोगी, सारखेच काम करणारा आणि वजन कायम राखणारा एक सैनिक घ्या. त्याचे खाणे रोज मोजा. ते रोज बदलते, आठवड्याआठवड्यालाही बदलते आणि हा फरक पुष्कळ मोठा असतो. सरासरी काढण्याचे दिवस वाढवत नेले, तर हा चढउतार झपाट्याने विरून जायला हवा. सुखात्मे यांच्या मते तो अपेक्षेइतका विरत नाही. आजच्या खाण्याचा उद्याच्या खाण्याशी धागा असतो. यावरून शरीर आपला कारभार एका पट्ट्याच्या आत स्वतःच सांभाळते आणि अन्न कमी आले तर ते अधिक काटकसरीने वापरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अमेरिकेतील शेल्डन मार्जेन यांच्याबरोबर त्यांनी तो पुढे मांडला. मग सरासरी गरजेहून कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी कसे म्हणायचे? अर्धी निरोगी माणसे सरासरीच्या खाली असतातच. त्यामुळे रेषा आखायची तर ती सरासरीवर न आखता पट्ट्याच्या तळाशी आखावी, असा त्यांचा आग्रह होता.

यातील पहिली पायरी कोणीही मान्य करावी अशी आहे. सरासरी हे समूहाचे वर्णन आहे. ते एका माणसाचे लक्ष्य होऊ शकत नाही. एकाच्या बाबतीत पाहायचा तो त्याचा स्वतःचा, काळाच्या ओघातला पट्टा. दुसरी पायरी मात्र निसरडी होती. खाणे बदलूनही वजन टिकते, म्हणजे शरीराची अन्न वापरण्याची क्षमताच तेवढी बदलते, असे सिद्ध होत नाही. शरीरात चरबीची शिल्लक असते. चार दिवस कमी आले तर ती खर्ची पडते, पुढे जमा होते. माणसाचा ऊर्जेचा खर्च प्रत्यक्ष मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना एकाच माणसात इतका मोठा बदल आढळेना. १९८५ मध्ये जागतिक संस्थांनी गरजेची नवी प्रमाणे ठरवली, ती खाण्यावरून न ठरवता ऊर्जेच्या खर्चावरून ठरवली.

खरा कडवटपणा आला तो राजकारणातून. रेषा खाली सरकवली की उपाशी माणसांची संख्या कागदावर झपाट्याने घटते. याच सुमारास डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने, खुजी राहिलेली बहुतेक मुले लहान चणीची असली तरी निरोगीच असतात, असा सिद्धांत मांडला आणि त्याला सुखात्मे यांच्या गणिताचा टेकू मिळाला. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर अत्यंत प्रखर टीका केली. श्रीमंतांच्या मुलांसाठी एक माप आणि गरिबांच्या मुलांसाठी दुसरे, असा त्याचा अर्थ होतो, हा त्यांचा मुद्दा होता. दांडेकरांनीही आर्थिक नियतकालिकांतून त्यांना सडेतोड उत्तरे दिली. खुजेपणा ही तडजोड आहे आणि त्या तडजोडीची फेड शरीर पुढे करत राहते, हे गोपालन यांचे मत आजच्या शास्त्राच्या अधिक जवळ आहे. सुखात्मे यांच्यावर गरिबांविषयी बेपर्वाईचा आरोप करणे मात्र अन्यायाचे होईल. स्वच्छ पाणी, शौचालये आणि जंतांपासून सुटका यांवाचून नुसते धान्य वाटून भागणार नाही, जुलाबाने खंगलेल्या मुलाच्या अंगी ताटातले अन्न लागत नाही, हे ते सतत सांगत राहिले. त्या काळी ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

या वादातूनच बीएमआय भुकेच्या क्षेत्रात आला, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. उष्मांकांवर एकमत होत नाही, तर माणसाच्या शरीराकडेच पाहावे, असा विचार पुढे आला. १९८८ मध्ये जेम्स, फेरो-लुझ्झी आणि वॉटरलो या तिघा शास्त्रज्ञांनी प्रौढांमधील दीर्घकालीन उपासमार ओळखण्यासाठी बीएमआयच्या १८.५, १७ आणि १६ या पायऱ्या सुचवल्या. लठ्ठपणा मोजण्यासाठी नामकरण झालेले सूत्र अशा रीतीने उपाशी माणसाच्या दारात जाऊन पोहोचले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के या रेषेखाली आढळल्या आणि २४ टक्के २५ च्या वर. एकाच पाहणीची ही दोन टोके. देशाचा सरासरी बीएमआय काढला, तर तो अगदी उत्तम येईल!

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हादरा दिला. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. नाचणी-वरईच्या या डोंगराळ मुलखातली मुले शरीराच्या काटकसरीवर किती काळ तगतात, याचे उत्तर या घटनेने दिले. त्या मुलांना कुपोषणाने गाठले होते आणि त्यांच्यापर्यंत दवाखाना, पाणी, रस्ता यांपैकी काहीच वेळेवर पोहोचले नव्हते. गोपालन यांचा इशारा आणि पर्यावरणावरचा सुखात्मे यांचा भर, दोन्ही एकाच वेळी खरे ठरावेत, अशी ही घटना होती. सुखात्मे तेव्हा ८१ वर्षांचे होते. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सरासरी रेषेविषयीची त्यांची शंका पुढे पुण्यातच एका वेगळ्या वाटेने खरी ठरली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतील मातांचा आणि बाळांचा दीर्घ अभ्यास केला. येथली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच लहान होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी झाले होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक यांनी आपले आणि ब्रिटनमधील सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचा बराचसा उलगडा त्या एका छायाचित्राने केला. ज्या शरीराने आईच्या पोटात काटकसर केली, त्याने पुढे चरबीचा साठा धरून ठेवला. म्हणजे लहान चण ही फुकट मिळालेली नव्हती, तिची किंमत चाळिशीत वसूल होत होती. सुखात्मे यांच्या सिद्धांताचा दुबळा भाग याज्ञिक यांच्या संशोधनाने आणखी दुबळा केला आणि त्यांच्या शंकेचा सबळ भाग आणखी सबळ केला.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच एका आंतरराष्ट्रीय आयोगाने, समूहाच्या पाहण्या आणि प्राथमिक चाळणी यांसाठी बीएमआय ठेवावा, परंतु एका व्यक्तीच्या आजाराचे निदान केवळ त्यावरून करू नये, असे स्पष्ट केले. कमरेचा घेर, शरीरातील चरबीचे मापन आणि अवयवांच्या कार्यावर झालेला परिणाम पाहावा, अशी त्याची शिफारस आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, हे कोष्टकही शेवटी सरासरीचेच. पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न बदलतो. विशीत वजन किती होते, गेल्या पाच वर्षांत किती वाढले, वाढले ते पोटावर की सगळीकडे, साखर आणि रक्तदाब किती, घरात मधुमेह कोणाला आहे, ही माहिती एका माणसाची आणि त्याच्याच काळाची असते. व्यायामशाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात ती नसते. २४ चा बीएमआय २२ वर आणण्यासाठी उपाशी राहणारी तरुणी आणि २२ च्या बीएमआयवर निर्धास्त राहणारा मधुमेही बापाचा मुलगा, या दोघांचीही तो तक्ता सारखीच दिशाभूल करू शकतो. १७ चा बीएमआय असलेल्या मोखाड्याच्या बाईच्या बाबतीत मात्र तो क्वचितच चुकतो. तिच्यापुरती ती रेषा पुसट करण्याचा मोह धोरणकर्त्यांनी टाळायला हवा.

शिरपामाळाच्या आसपासच्या अंगणवाड्यांतून प्रत्येक मुलाचा वाढीचा आलेख ठेवला जातो. दर महिन्याच्या वजनाचा एक ठिपका, ठिपके जोडून एक रेषा. ठिपका कोणत्या रंगाच्या पट्ट्यात पडला, याच्या जोडीला रेषा वर चालली आहे की आडवी पडली आहे, हेही सेविकेने पाहायचे असते. एकच माणूस आणि त्याचाच काळ, हे सुखात्मे यांचे मोजण्याचे एकक तेथे रोजच्या कामात वापरले जाते. दिवाळीनंतर घरची माणसे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघाली की मुलेही त्यांच्याबरोबर जातात आणि रेषा तेथे थांबते. पुढचा ठिपका पडतो तो पावसाच्या तोंडाला, कुटुंब पाड्यावर परतल्यावर.